दोन सह्यांचा कागद

राणीसावरगावच्या रेणुकादेवीचे नवरात्र संपले आणि दसऱ्याचे सोने वाटून झाले, की आमच्या भागातील माणसे मोजण्याचे काम एकाएकी कठीण होऊन बसते. बालाघाटाच्या डोंगरकपारींत विखुरलेल्या वाड्यांतून आणि तांड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि लेकरे भरली जातात. आणि कालपर्यंत ज्या घरात सात माणसे नोंदलेली होती तेथे एखादी म्हातारी आणि तिच्या पायाशी निजलेले कुत्रे एवढेच उरते. त्या म्हातारीच्या उंबऱ्यावर बसून, सून कोणत्या कारखान्याच्या फडावर गेली, तिला कितवा महिना चालू आहे, धाकट्याची दुसरी लस राहिली आहे ती तेथे कोण देणार, हे विचारून वहीत लिहून घेणारी जी बाई असते तिला शासनाच्या कागदात आशा स्वयंसेविका म्हणतात. त्या वहीविषयी, आणि ती वही लिहिणाऱ्या हातांना मोल मिळावे म्हणून जी बोलणी होतात त्यांविषयी, मला पुष्कळ दिवसांपासून लिहावयाचे होते.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. १९७६ साली हिवताप निर्मूलनाच्या खात्यात मी गंगाखेड तालुक्यात रुजू झालो. घरोघर जाऊन तापकऱ्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावयाचा, गोळ्या द्यावयाच्या आणि भिंतीवरील तक्त्यात तारीख टाकून सही करावयाची, हे माझे काम. पुढे पदनामे पालटली, बहुउद्देशीय कर्मचारी असे भारदस्त नाव मिळाले, आणि नोकरीची अखेरची वर्षे राणीसावरगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढून मी २०१२ साली निवृत्त झालो. या सर्व काळात कर्मचारी संघटनेचे तालुक्याचे दफ्तर माझ्याकडे असे. भाषण करण्याचे कसब मला कधी साधले नाही. परंतु निवेदनाचा मसुदा लिहिणे, बैठकीचे टिपण काढणे आणि परिपत्रकातील कोणता शब्द आपल्या बाजूचा व कोणता विरुद्ध बाजूचा हे ताडणे, या कामात माझा हात बसला होता.

या विद्येची पहिली दीक्षा मला १९७७ च्या संपात मिळाली. केंद्र सरकारच्या नोकरांना ज्या दराने महागाई भत्ता मिळतो त्याच दराने तो राज्याच्या नोकरांनाही मिळावा, या मागणीसाठी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १४ डिसेंबर १९७७ रोजी जो संप सुरू झाला तो ५ फेब्रुवारी १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल ५४ दिवस चालला. माझ्या नोकरीला दोन वर्षेही पुरी झालेली नव्हती. घरी वडील म्हणत, सरकारशी भांडून कोणाचे भले झाले आहे? निजामाच्या अमलाखाली वाढलेला माणूस तो. अर्ज करावा, अर्जाला पुन्हा अर्ज जोडावा, आणि वरून हुकूम येईतो थांबावे, हा त्यांच्या पिढीचा शिरस्ता. त्या ५४ दिवसांत पगार बंद, किराण्याच्या दुकानात उधारी बंद, आणि सायंकाळी गंगाखेडला गोदाकाठी जमून मुंबईहून काय वार्ता आली ते ऐकणे एवढाच उद्योग. संप मिटला तेव्हा हाती लगेच असे काही पडले नाही. मागणी पुढे शरद पवार यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मान्य झाली. तोवर आम्ही सारे एवढे शिकून चुकलो होतो, की बोलणी संपण्याचा दिवस आणि पैसा हाती येण्याचा दिवस यांच्यामध्ये पुष्कळ मोठा प्रदेश असतो, आणि तो प्रदेश जागरूकपणे ओलांडावा लागतो.

मात्र त्या संपातील एक गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही. ५४ दिवस मी एकही काचपट्टी घेतली नाही. गिरणीतील माग थांबला तर सूत तसेच राहते, उद्या पुन्हा हात लावता येतो. तापाने फणफणलेले पोर उद्यापर्यंत तसेच राहत नाही. आरोग्याच्या कामगाराने काम थांबविले, की ज्याच्यावर दडपण यावयाचे तो अधिकारी दूर असतो आणि ज्याला झळ लागावयाची तो शेजारी उंबऱ्यावर उभा असतो. या पेचाचे उत्तर मला त्या वयात सापडले नाही. ते पुढे पंचेचाळीस वर्षांनी, माझ्याहून कितीतरी कमी शिकलेल्या बायकांनी शोधून काढले. ते ओघाने येईलच.

निवृत्तीनंतर आमच्या केंद्राखालील आशा माझ्या ओसरीवर येऊ लागल्या त्या प्रथम केवळ अर्ज लिहून घेण्यासाठी. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले आणि सुमारे हजार लोकवस्तीमागे एक आशा, अशी योजना त्यातून आली. बाई गावचीच असावी, गावाने निवडलेली असावी, आणि तिला पगार नसून कामागणिक मोबदला असावा, हे त्या योजनेचे सूत्र. नवजात बालकाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे, वजन घ्यावयाचे, ताप पाहावयाचा, आईच्या दुधाची चौकशी करावयाची, आणि सहाही भेटी पुऱ्या झाल्या म्हणजे अडीचशे रुपये. बाळंतिणीला दवाखान्यात नेण्याचा मोबदला वेगळा, क्षयाच्या रुग्णाला गोळ्या देण्याचा वेगळा, लसीकरणाच्या सत्राचा वेगळा. ही सारी शीर्षके वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटांनी येत, आणि कोणत्या महिन्याचे काय राहिले याचा ताळा बायकांना लागत नसे.

अशाच एका थकबाकीच्या प्रकरणात माझ्या हातून जी चूक झाली ती येथे नमूद करणे मला प्राप्त आहे. पाच महिन्यांची एका कामाची रक्कम अडकली होती. आठ-दहा जणींना घेऊन मी एका कार्यालयात गेलो. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथील अधिकारी सौजन्याने वागले, चहा मागविला, सारे ऐकून घेतले, आणि पंधरा दिवसांत रक्कम जमा होईल असे सर्वांसमक्ष सांगितले. मी आनंदाने उठलो. बाहेर लिंबाखाली येताच आमच्यापैकी सर्वांत वयस्क बाई, जिला सगळ्या आक्का म्हणतात, ती मला म्हणाली, “भाऊ, बोलणं तर लई झ्याक झालं. पण कागद कुठाय?” मी म्हणालो, आक्का, एवढा मोठा माणूस शब्द देतो आहे. ती काही बोलली नाही. पुढे त्या अधिकाऱ्यांची बदली झाली. नव्यांच्या दफ्तरी त्या बैठकीची नोंदच नव्हती, आणि ती रक्कम त्या आठ-दहा जणींना कधीच मिळाली नाही. छत्तीस वर्षे ज्याने टिपणे काढली त्या माणसाने त्या दिवशी इतिवृत्त लिहून त्यावर सही घेतली नाही. त्यानंतर मी कोणत्याही बैठकीस गेलो तरी वही उघडूनच बसतो, चर्चा संपताच मुद्दे वाचून दाखवितो, आणि समोरच्याने निदान आद्याक्षर तरी टाकावे असा आग्रह धरतो. काहींना ते उद्धटपणाचे वाटते. वाटो.

मागणी लिहिण्यापूर्वी काम मोजावे, हेही आक्कानेच सुचविले असे म्हणता येईल. “आमी दिसभर काय करतो ते आधी लिव्हा, मंग पैशाचं लिव्हा,” असे ती म्हणाली. म्हणून आम्ही एक महिनाभर प्रत्येकीला वहीत दोन रकाने करावयास लावले: एका बाजूस ज्याला दर ठरलेला आहे ते काम, दुसऱ्या बाजूस ज्याला दरच नाही ते. महिन्याच्या अखेरीस वह्या गोळा करून पाहतो तो दुसरा रकाना पहिल्याहून लांब. फडावरून परतलेल्या बाईचे मातृत्वाचे कार्ड हरवले म्हणून तिच्याबरोबर केंद्रात घातलेली फेरी. मध्यरात्री कळा सुरू झाल्या म्हणून वाहनासाठी केलेले फोन, आणि प्रसूती झाल्यावर आप्त येईपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात काढलेली रात्र. तांड्यावरचा म्हातारा रक्तदाबाची गोळी घेत नाही म्हणून तीनदा चढलेला डोंगर. मोबाइलवर भरावयाची माहिती, जी डोंगरात जाळे मिळत नाही म्हणून रात्री गच्चीवर उभे राहून भरावयाची. वाटाघाटीच्या टेबलावर आक्रोशाला किंमत नसते असे मी म्हणणार नाही. परंतु आक्रोश करणाऱ्याच्या हाती अशी वही असली, की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

आता त्या शब्दाविषयी, ज्यापाशी सारी गाडी येऊन अडते. ‘स्वयंसेविका’. कायद्याच्या दृष्टीने जो कामगार आहे त्याची संघटना मालकाशी जो समेट करते त्याला औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ याने मोठे बळ दिले होते. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार संघटनेच्या सभासदांनाच नव्हे तर त्या आस्थापनेतील सर्व कामगारांना बंधनकारक. त्याची मुदत उभयपक्षी ठरावयाची, आणि ठरली नसेल तर निदान सहा महिने. मुदत सरली तरी एका पक्षाने लेखी सूचना देऊन दोन महिने उलटेपर्यंत तो चालूच राहावयाचा. दवाखाना हा अशा कायद्याच्या कक्षेत येतो काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो आपल्या मुंबईहूनच. जे. जे. रुग्णालय समूहातील दोन स्त्री-सेविकांना कामावरून कमी करण्यात आले होते. त्यांच्या वतीने हॉस्पिटल मजदूर सभा लढली, आणि २९ जानेवारी १९६० रोजी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निर्णय लिहिला, की रुग्णालय हाही ‘उद्योग’ होय. रुग्णाची शुश्रूषा हे पुण्यकर्म आहे, म्हणून ते करणाऱ्याच्या हक्कांना कायद्याची गरज नाही, हा युक्तिवाद त्या निर्णयाने दूर सारला. पुढे १९७० मध्ये दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने उलट मत दिले, आणि २१ फेब्रुवारी १९७८ रोजी, आमचा संप मिटल्यावर सोळाच दिवसांनी, बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने दवाखान्याला पुन्हा उद्योगाच्या व्याख्येत आणून बसविले. मी त्या काळी वर्तमानपत्र वाचीत असे. तरी ही बातमी माझ्या नजरेतून निसटली, आणि तिचे मोल पुष्कळ वर्षांनी कळले.

जे. जे.मधील त्या दोन सेविकांना जे नाव होते ते आमच्या आक्काला नाही. ती कामगार नाही, नोकर नाही, कंत्राटीदेखील नाही. तिला मिळतो तो पगार नव्हे, मानधन. आणि तिच्यावर देखरेख करणारी गटप्रवर्तक, जी महिन्याचे बहुतेक दिवस गावोगाव हिंडते, तिला वर्षानुवर्षे पैसे मिळत आले ते मुख्यतः प्रवासभत्त्याच्या नावाखाली. २०१३ च्या मे महिन्यात भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनात, जेथे सरकार, मालक आणि कामगार तिन्ही पक्ष एकत्र बसतात, योजनांवर राबणाऱ्या या स्त्रियांना कामगार मानावे अशी शिफारस झाली. ती शिफारसच राहिली. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना सन्मान जाहीर केला, तेव्हा आमच्या केंद्रात पेढे वाटले गेले; आक्कानेही एक घेतला आणि पदराच्या टोकात नातवासाठी बांधून ठेवला.

कायद्याचे दार असे बंद असल्यामुळे या बायकांच्या संघटनांनी बोलणी करण्याची जी रीत बसविली ती निराळी आहे, आणि तिचे वर्णन कोठे फारसे लिहिलेले मला आढळले नाही. राज्यात संघटना अनेक, झेंडे अनेक. म्हणून प्रथम सर्वांची मिळून एक कृती समिती. समितीचे मागणीपत्र एक. त्यात दहा-पंधरा कलमे असतात, परंतु जाणत्यांना ठाऊक असते की त्यातील दोन किंवा तीन प्राणाची आहेत आणि बाकीची देवाणघेवाणीसाठी आहेत. मग संपाची नोटीस, मग धरणे, मग शिष्टमंडळास बोलावणे. जुलै २०२० पासून राज्याच्या तिजोरीतून आशांना दरमहा २००० रुपये मिळू लागले होते; करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर १५ जून २०२१ रोजी सुमारे ७०,००० आशा संपावर गेल्या आणि २३ जूनला संप मिटला तेव्हा आणखी १००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पडला. नऊ दिवसांत मिळालेला तो निकाल. त्याचे कारण माझ्या मते उघड आहे: त्या वेळी घराघरांत प्राणवायूची पातळी मोजणारे दुसरे कोणी नव्हते.

२०२३ चे प्रकरण इतके सरळ नव्हते. १८ ऑक्टोबरला संप सुरू झाला. नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर, ७००० रुपये वाढीची घोषणा झाली आणि बायका कामावर परतल्या. परंतु घोषणा आणि शासन निर्णय यांत जे अंतर आहे ते खेड्यातील माणसाला समजावून सांगणे फार अवघड. आरोग्य विभाग प्रस्ताव करतो; तो वित्त विभागाकडे जातो; तेथे आकडा तपासला जातो, कमी होतो, परत येतो; मग मंत्रिमंडळ; आणि मग कोठे क्रमांक व दिनांक असलेला कागद बाहेर पडतो. तो कागद येईना म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप झाला, ९ फेब्रुवारीपासून मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडले गेले, आणि मार्चच्या मध्यास निर्णय निघाला तो ५००० रुपयांच्या वाढीचा, नोव्हेंबर २०२३ पासून लागू. ७००० चे ५००० झाले याचे दुःख आमच्या ओसरीवर पुष्कळ झाले. मला मात्र ‘नोव्हेंबर २०२३ पासून’ हे शब्द फार मोलाचे वाटले. समितीने मागील तारीख सोडली नाही. संपाच्या थंडीत काढलेले महिने त्या एका ओळीत भरून निघाले. नवख्या माणसाचे डोळे आकड्यावर खिळतात. ज्याने मसुदे लिहिले आहेत तो प्रथम अंमलाची तारीख पाहतो.

त्या दोन्ही संपांत राणीसावरगावच्या बायकांनी जे ठरविले तेच १९७७ च्या माझ्या पेचाचे उत्तर. आरोग्य केंद्रासमोरच्या झाडाखाली त्यांची बैठक झाली, तीत मीही होतो. काय थांबवावयाचे आणि काय थांबवावयाचे नाही याची त्यांनी अर्ध्या तासात वाटणी केली. मोबाइलवरची माहिती बंद. अहवाल बंद. सर्वेक्षण बंद. बैठकांना जाणे बंद. परंतु कळा सुरू झालेली बाई आणि दूध न ओढणारे तान्हे, ही दोन कामे संपात धरावयाची नाहीत, आणि त्यांचा मोबदलाही त्या काळापुरता मागावयाचा नाही. एक तरुण आशा म्हणाली, असं केलं तर संपाची धार जाईल. आक्का म्हणाली, “माय, धार सायबाला लागू दे. बाळंतिणीला कशाला?” मला वाटते त्या उत्तरात फार सूक्ष्म हिशेब होता. वरच्या कार्यालयांना गावातील बाळंतीण दिसत नाही, तक्ता दिसतो. आणि तक्ता कोरा राहू लागला की दूरध्वनी खणखणू लागतात. एका रात्री आक्का अंगावर शाल घेऊन एका पहिलटकरणीबरोबर रुग्णवाहिकेत बसली आणि सकाळी तशीच धरण्याच्या मंडपात येऊन बसली. मी माझ्या न घेतलेल्या काचपट्ट्यांविषयी तिला कधी बोललो नव्हतो. त्या सकाळी बोललो. तिने ऐकले आणि म्हणाली, “तवा तुमाला कुणी सांगणारं नव्हतं.”

शासन निर्णयाची प्रत आली तेव्हा चैत्राचे ऊन तापू लागले होते आणि टोळ्या कारखान्यांवरून परतत होत्या. मी ओसरीवर ती प्रत मोठ्याने वाचून दाखविली. आक्काचा नवराही आला होता. तीस-बत्तीस हंगाम ऊस तोडलेला माणूस, हाताची बोटे कोयत्याच्या मुठीसारखी वळलेली. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात बोलणी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली होती, तीन वर्षांसाठी. मुकादमाकडून उचल घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून मोजली जाणारी ही माणसे. त्यांच्या वाट्याला कायद्याचे संरक्षण आशांइतकेच थोडे. तरी त्यांचा करार होतो, त्याला दोन बाजू असतात, आणि त्याला मुदत असते.

वाचन संपल्यावर त्याने विचारले, “ह्याच्यावर सह्या कुणाकुणाच्या हायत?”

मी म्हणालो, शासनाच्या अधिकाऱ्याची.

“आन हिच्या बाजूनं?”

मी म्हणालो, हा निर्णय आहे, करार नव्हे. यात दुसरी सही नसते.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आमच्या दराला तीन साल बांधलेले असत्यात. तीन साल झाले की पुन्हा बसावंच लागतं त्यांना. ह्याला किती साल?”

मी प्रत उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्यात मुदत कोठेच नव्हती. पुढची वाढ केव्हा, कोणाशी बोलून, कशाच्या प्रमाणात, यांविषयी एक ओळ नव्हती. इतक्या वर्षांत मी आशांसाठी जी निवेदने लिहिली त्यांत आकडा होता, तारीख होती, विम्याची मागणी होती, प्रसूतीच्या रजेची मागणी होती. मुदतीचे कलम मीही कधी घातले नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंधांची नवी संहिता अमलात आली, तीत ५१ टक्के कामगार ज्या संघटनेच्या पाठीशी असतील तिलाच वाटाघाटीचा एकमेव अधिकार दिला आहे. परंतु ती मोजणी कामगारांची व्हावयाची, आणि स्वयंसेविका त्यात धरल्या जात नाहीत.

यंदाच्या मागणीपत्राचा कच्चा मसुदा समितीकडे पाठविण्यासाठी माझ्यापुढे आहे. त्यातील पहिले कलम मी असे लिहिले आहे, की मानधन हा शब्द काढून वेतन हा शब्द घालावा. दुसरे असे, की जे ठरेल ते उभयपक्षांच्या सहीने ठरावे, त्याची मुदत तीन वर्षांची असावी, आणि मुदत संपण्यापूर्वी सहा महिने उभयपक्षांनी पुन्हा बोलणीस बसावे. आक्काला मी तो वाचून दाखविला. तिने दुसरे कलम पुन्हा एकदा वाचावयास सांगितले, आणि झेरॉक्स काढून आणली तेव्हा लसीकरणाची यादी ती ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते त्याच पिशवीत ती घालून उठली. तांड्यावर एकविसाव्या दिवसाची भेट राहिली होती.